मास्क गळ्यात का येतो?

कास्टिंग, म्हणजे वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतून केलेला भाग, साच्यातून बाहेर निघालं की त्याच्या अंगाला जळकी वाळू चिकटलेली असते आणि कडांना जादा लोखंड आलेलं असतं. ते सगळं हँड ग्राइंडरनं घासून काढायचं काम म्हणजे फेटलिंग. कोल्हापूर परिसरात, उद्यमनगरापासून शिरोली आणि गोकुळ शिरगावपर्यंत, फाउंड्र्या, म्हणजे असे ओतकामाचे कारखाने, शेकड्यांनी आहेत आणि प्रत्येकीत हे काम आहेच. फेटलिंगच्या माणसाला मास्क बहुतेक ठिकाणी मिळतो. सकाळी आठला तो नाकावर असतो, अकराला हनुवटीवर उतरतो आणि जेवणाच्या सुट्टीनंतर गळ्यात लटकत राहतो.

सुपरवायझर ओरडून सांगतो, "मामा, मास्क वर घ्या की!" मामा म्हणतात, "घेतो की, पण जीव गुदमरतोय बघ." पुढच्या फेरीत पुन्हा तेच. मग नोटीस लागते, दंडाची भाषा होते, आणि कामगारांना शिस्त नाही असा निष्कर्ष निघतो.

मामा खरं सांगत आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. गुदमरण्याची कारणं मोजता येतात, त्यातली बरीचशी कमी करता येतात आणि ती कमी केली तरच मास्क फुफ्फुसाच्या कामी येतो. स्टोअरमध्ये मास्क निवडताना सोय, आराम या गोष्टींना सगळ्यात शेवटचा नंबर मिळतो. तो पहिल्या दोघांत हवा.

आधी धुळीबद्दल थोडं. साच्याची वाळू म्हणजे सिलिका. ती तापून, आपटून, घासून फुटते तेव्हा जो भुगा होतो, त्यातले जाड कण नाकात आणि घशात अडकतात. कवडशात नाचताना दिसते ती ही जाड धूळ. खरा घात करतात ते साधारण चार-पाच मायक्रॉनचे आणि त्याहून बारीक कण. आपल्या केसाची जाडी सत्तरेक मायक्रॉन धरली, तर हे कण किती लहान असतील याचा अंदाज येईल. ते फुफ्फुसाच्या शेवटच्या टोकाला, वायुकोशांपर्यंत पोचतात आणि तिथे राहतात. तिथे हळूहळू वण तयार होतात. हाच सिलिकोसिस. झालेलं नुकसान भरून काढणारं औषध नाही, काम सोडल्यावरही आजार वाढत राहू शकतो, आणि अशा फुफ्फुसाला टीबी होण्याचा धोका जास्त असतो. १९४८ च्या कारखाने कायद्यानं सरकारला कळवणं बंधनकारक केलेल्या आजारांच्या यादीत सिलिकोसिस होता, तो याच गांभीर्यामुळे. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा गमछा जाड धूळ अडवतो, म्हणून संध्याकाळी नाक कमी काळं दिसतं आणि माणसाला वाटतं आपण वाचलो. बारीक कण मात्र कापडातून आणि त्याच्या कडांतून आरामात आत जातात.

एक तास काढला तर

धुळीसाठी वापरून टाकायचे जे मास्क मिळतात, त्यांच्यावर एन९५ किंवा एफएफपी१, एफएफपी२, एफएफपी३ असं छापलेलं असतं. एन९५ ही अमेरिकेची वर्गवारी, १९९५ च्या नियमांतून आलेली. एफएफपी ही युरोपच्या ईएन १४९ या मानकाची, आणि आपल्या आयएस ९४७३ या भारतीय मानकातही हेच तीन वर्ग आहेत. एफएफपी२ चं कापड किमान ९४ टक्के कण अडवतं, एफएफपी३ चं ९९ टक्के. पण कडेनं होणारी गळती धरून, प्रत्यक्ष कामावर ब्रिटनमध्ये एफएफपी२ पासून दहापट आणि एफएफपी३ पासून वीसपट संरक्षण मिळेल असं गृहीत धरतात. म्हणजे बाहेरच्या धुळीचा दहावा किंवा विसावा भाग आत.

आता साधा हिशोब करू. मास्क न घालता आठ तास काम केलं तर आठ तासांची धूळ आत जाते. एफएफपी२ पूर्ण वेळ नीट घातला तर तिचा दहावा भाग, म्हणजे ४८ मिनिटांची धूळ. त्याच माणसानं आठातला एकच तास मास्क खाली ओढला, तर सात तासांचा दहावा भाग ४२ मिनिटं आणि उघड्या तोंडाची ६० मिनिटं, मिळून १०२ मिनिटांची धूळ. एका तासानं धूळ दुपटीच्या वर नेली. उरलेले सात तास त्यानं मास्क अगदी व्यवस्थित घातला होता, तरीही.

दुसरं उदाहरण. एकाला महागाचा एफएफपी३ दिला. तो जड जातो, म्हणून पाच तास घातला आणि तीन तास काढला. पाच तासांचा विसावा भाग १५ मिनिटं, अधिक १८० मिनिटं, म्हणजे सव्वातीन तासांची धूळ. शेजारच्याला चेहऱ्याला बसणारा, श्वास हलका जाणारा एफएफपी२ मिळाला आणि त्यानं साडेसात तास घातला. त्याच्या वाट्याला ४५ अधिक ३०, म्हणजे सव्वा तासाची धूळ. कागदावर कमी दर्जाचा असलेला मास्क अडीचपटीहून जास्त चांगला ठरला, आणि कारण एवढंच की तो नाकावर राहिला.

खरेदी करणाऱ्या माणसानं हा हिशोब एकदा स्वतःच्या हातानं मांडून पाहावा. मग "सगळ्यात वरच्या ग्रेडचा मागवून टाका" हे वाक्य तोंडातून निघत नाही.

दम नेमका कशानं लागतो

मास्कचं कापड म्हणजे चाळणी, असं बहुतेकांना वाटतं: भोकं जितकी बारीक तितकी धूळ कमी, आणि म्हणून हवाही कमी. मास्क असा चालत नाही. आत पॉलीप्रॉपिलीनच्या अतिबारीक धाग्यांचा विस्कटलेला थर असतो आणि धाग्यांमधल्या जागा कणांपेक्षा पुष्कळ मोठ्या असतात. जाड कणांना हवेबरोबर वळणं घेता येत नाही, ते धाग्यावर आपटून चिकटतात. फार बारीक कण हवेत इकडेतिकडे थरथरत असतात, ते भरकटत धाग्याला लागतात. मधल्या आकाराचे, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, या दोन्हीतून निसटू पाहतात आणि म्हणूनच मास्कची चाचणी त्याच आकारावर घेतात. त्यांना पकडण्यासाठी धाग्यांवर विजेचा स्थिर भार बसवलेला असतो. तो जवळून जाणाऱ्या कणाला ओढून घेतो. तैवानमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत टेनेसी विद्यापीठात काम केलेले पीटर त्साई यांचं नाव या तंत्राशी जोडलेलं आहे.

या भारामुळे आरामाचा प्रश्न अर्धा सुटतो. तो नसता तर तेवढेच कण अडवायला थर कितीतरी जाड करावा लागला असता आणि त्यातून श्वास ओढणं फारच जड गेलं असतं.

तरी विरोध उरतोच. ईएन १४९ नुसार मिनिटाला ९५ लिटर वेगानं हवा आत ओढताना एफएफपी१ चा विरोध २.१ मिलिबारच्या वर जाऊ नये, एफएफपी२ चा २.४ च्या आणि एफएफपी३ चा ३ च्या. वरच्या ग्रेडला जास्त विरोधाची मुभा आहे, हे इथे दिसतं. बसल्या जागी आपण मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो, तेव्हा मास्क जाणवतही नाही. ग्राइंडर दाबून धरला की हे प्रमाण चार-पाच पट होतं, आणि श्वास आत घेण्याच्या ऐन क्षणी हवेचा वेग त्या सरासरीच्याही तिप्पट असतो. विरोध वेगाबरोबर वाढतो. एसी केबिनमध्ये मास्क लावून "मला तर काही होत नाही" म्हणणाऱ्या साहेबाचा अनुभव म्हणूनच फेटलिंगच्या माणसाला लागू पडत नाही.

विरोध कमी करण्याचा सरळ मार्ग म्हणजे कापडाचं क्षेत्रफळ वाढवणं. तीच हवा जास्त जागेतून आली की प्रत्येक जागेतून हळू येते. तीन घड्यांचे, चेहऱ्यापासून जरा पुढे उभे राहणारे मास्क किंवा बदकाच्या चोचीच्या आकाराचे मास्क म्हणून हलके वाटतात. शिवाय श्वास ओढताना कापड ओठांना चिकटत नाही. एकाच ग्रेडच्या दोन मास्कमध्ये इथे जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो आणि तो खोक्यावरच्या ग्रेडमध्ये दिसत नाही. चांगल्या कंपनीच्या माहितीपत्रकात विरोधाचा आकडा दिलेला असतो, तो मागून घ्यावा.

दुसरं कारण उष्णता, आणि माझ्या मते आपल्याकडे हेच मोठं. बाहेर टाकलेला श्वास साधारण ३४-३५ अंशांचा आणि ओलाव्यानं गच्च भरलेला असतो. तो मास्कच्या आत कोंडतो. वरच्या ओठाची आणि नाकाभोवतीची कातडी उष्णतेला फार संवेदनशील असते. ती तापली की मेंदूला श्वास अपुरा पडतोय असं वाटतं, मग रक्तातला ऑक्सिजन अगदी व्यवस्थित का असेना. याचं उलटंही खरं आहे: दम लागणाऱ्या रुग्णाच्या चेहऱ्यावर छोटा पंखा धरला की त्याला बरं वाटतं. एप्रिल-मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली, भट्टीच्या आसपास काम करणाऱ्याला "ऑक्सिजन कमी होत नाही, उगाच घाबरू नकोस" असं सांगणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल, पण त्याला जाणवतंय ते खोटं नाही.

तिसरं कारण आत उरलेली शिळी हवा. सोडलेल्या श्वासातला थोडा भाग मास्कमध्ये राहतो आणि पुढच्या श्वासाबरोबर परत आत जातो, त्यातून कार्बन डायऑक्साइड किंचित जास्त मिळतो. मानकानं यावरही मर्यादा घातली आहे: आत ओढलेल्या हवेत सरासरी १ टक्का. निरोगी माणसाला यानं अपाय होत नाही, पण श्वास थोडा वाढतो आणि काहींचं डोकं दुखतं. दमा किंवा हृदयविकार असलेल्याला मास्क देण्याआधी डॉक्टरांनी तपासलेलं बरं.

उष्णता आणि शिळी हवा या दोन्हींवर उपयोगी पडते ती मास्कवरची छोटी झडप, म्हणजे व्हॉल्व. श्वास सोडताना पातळ रबरी पडदा उघडतो, गरम हवा बाहेर जाते. श्वास घेताना तो बंद होतो. करोनाच्या काळात, जुलै २०२० मध्ये, केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी व्हॉल्वचे मास्क लोकांनी वापरू नयेत असं कळवलं होतं. ते योग्यच होतं, कारण तिथे आपल्या श्वासातला विषाणू दुसऱ्यापर्यंत जाऊ नये हा हेतू होता. धुळीच्या कामात कामगाराचा श्वास कुणाला धोका करत नाही. तरी "व्हॉल्ववाला मास्क वाईट" हा समज काही ठिकाणी अजून टिकून आहे आणि त्यापायी उन्हाळ्यात माणसं विनाकारण घामाघूम होतात. फक्त व्हॉल्वखाली वाळूचा कण किंवा मिशीचा केस अडकला तर पडदा पूर्ण मिटत नाही, तेवढं पाहावं.

फट

हवा नेहमी कमी विरोधाच्या वाटेनं जाते. मास्क आणि गाल यांच्यात बारीकशी फट असली की हवा कापड सोडून तिथून येते, धुळीसकट. आणि कापडाचा विरोध जितका जास्त, तितकी जास्त हवा फटीतून. श्वासाला जड असलेला मास्क एकीकडे माणसाला तो काढायला लावतो आणि दुसरीकडे घातलेला असतानाही जास्त गळतो.

ही गळती डोळ्यांनी पाहता येते. पाळी संपल्यावर माणसाला मास्क काढायला सांगा आणि चेहरा धुण्याआधी नीट बघा. मास्कखालची कातडी स्वच्छ, पण नाकाच्या बाजूनं डोळ्याच्या कोपऱ्याकडे गेलेली काळी रेघ. मास्कच्या आतल्या पांढऱ्या कापडावर त्याच जागी राखाडी डाग. दिवसभर हवा तिथून येत होती. चष्म्यावर वाफ धरणं हे त्याच फटीचं दुसरं लक्षण.

नाकावरची ॲल्युमिनियमची पट्टी बहुतेक जण एका हाताच्या चिमटीनं दाबतात. त्यानं मधोमध टोक येतं आणि दोन्ही बाजूंना जागा सुटते. दोन्ही हातांची बोटं पट्टीच्या मध्यावर ठेवून बाहेरच्या बाजूला दाबत न्यावं, म्हणजे ती नाकाच्या वळणावर बसते. पट्टीखाली फोम असेल तर नाकाचं हाड सोलवटत नाही. मास्क दुपारनंतर खाली येण्यामागे हे सोलवटणं बऱ्याचदा असतं आणि कुणी ते बोलून दाखवत नाही.

पट्ट्यांचंही तसंच. डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्या असतात: वरची माथ्याच्या मागे, खालची मानेवर, कानांच्या खाली. खालची पट्टी पुढेच लोंबत ठेवायची, हा सर्रास दिसणारा प्रकार, कारण दोन्ही लावल्या तर काढ-घाल करायला वेळ लागतो. एका पट्टीवर मास्क हनुवटीपाशी उघडा राहतो. कानाला अडकवायचे मास्क घालायला सोपे, पण कानाला चार तासांनी रग लागते आणि ओढ पुरेशी नसल्यानं गालांवर फट राहते. दिवसभराच्या धुळीच्या कामाला ते घेऊच नयेत. हेल्मेट आणि कानाचा मफ घालायचा असेल तर मास्क आधी, बाकीचं त्यावरून.

चेहऱ्याचं माप हा विषय आपल्याकडे जवळपास कुणी काढत नाही. कोअर शॉपमध्ये (साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे बनवतात तिथे), जिनिंगमध्ये, खडी क्रशरवर बायका मोठ्या संख्येनं असतात, आणि त्यांना मिळतो तो पुरुषांच्या मापाचा मास्क. तो डोळ्यांत टोचतो, हनुवटीखाली पोकळ राहतो. मग पदर बरा वाटतो. बऱ्याच कंपन्या लहान मापाचे मास्क बनवतात, पण ऑर्डरमध्ये ते वेगळे लिहावे लागतात. अंबाडा असेल तर वरची पट्टी त्याच्या वर आणि खालची केसांच्या खाली मानेवर घ्यावी. दाढीचा प्रश्न मात्र पट्टीनं सुटत नाही. मास्कची कड जिथे टेकते तिथे खुंट असले तरी गळती वाढते. दाढी ठेवणाऱ्याला, ती धर्मासाठी असो की आवडीसाठी, चेहऱ्याला न चिकटणारा पंख्याचा हूड द्यावा. बॅटरीवरचा पंखा गाळलेली हवा आत सोडतो, म्हणून श्वासाला जोर लागत नाही आणि चेहरा थंड राहतो. तो महाग आहे, पण भट्टीजवळच्या कायमच्या जागांवर त्याचा विचार व्हायला हवा.

मास्क बसतो की नाही हे तपासायची एक साधी पद्धत आहे. माणसाला मास्क घालून डोक्यावर पारदर्शक टोपडं चढवतात आणि आत कडू किंवा गोड चवीचा फवारा मारतात. मग त्याला मान वळवायला, वाकायला, मोठ्यानं बोलायला सांगतात. चव लागली तर मास्क गळतोय, दुसऱ्या आकाराचा घ्यायचा. अमेरिकेत कामावर घट्ट बसणारा मास्क सक्तीचा असेल तर ही चाचणी दरवर्षी करावी लागते. मशिनरी नाही, फार खर्च नाही, आणि तोंडात कडू चव आली की समजावून सांगायची गरज उरत नाही.

भरलेला, धुतलेला, पुन्हा घातलेला

धूळ साचत गेली की कापड गच्च होतं आणि श्वास जड होत जातो. सकाळी चालणारा मास्क दुपारी न चालण्याचं हे साधं कारण. ईएन १४९ मध्ये डोलोमाइटची धूळ मास्कवर साचवून विरोध किती वाढतो याची चाचणी आहे. ती पास झालेल्या मास्कवर "डी" हे अक्षर असतं. "एनआर" म्हणजे एका पाळीपुरता. फेटलिंगसाठी, क्रशरसाठी "डी" असलेला शोधून घ्यावा. पण खरा उपाय म्हणजे जेवणाच्या सुट्टीनंतर नवा मास्क हातात देणं. आठवड्याला एक मास्क अशी शिस्त लावली की चौथ्या दिवशी माणूस विटकी, घामानं ओली, धुळीनं भरलेली वस्तू तोंडाला लावतो. ती तो काढणारच.

त्यावर कामगारांनी स्वतः शोधलेले दोन उपाय आहेत आणि दोन्ही घातक. एक म्हणजे हवेच्या पाइपनं मास्क झटकणं. त्यानं कापडातली बारीक धूळ पुन्हा हवेत उडते, तीही तोंडासमोर. दुसरा म्हणजे घरी नेऊन साबणानं धुणं. धुतलेला मास्क स्वच्छ दिसतो, श्वासही हलका जातो, पण साबणानं धाग्यांवरचा विजेचा भार जातो आणि बारीक कण पकडण्याची ताकद त्याबरोबर. माणसाला वाटतं मास्क सुधारला.

मास्क खाली येण्याची आणखी दोन कारणं कापडाशी संबंधित नाहीत. पहिलं, बोलणं. ग्राइंडरच्या आवाजात मास्कमधून ओरडलं तर समजत नाही, म्हणून प्रत्येक निरोपाला मास्क उतरतो. हाताच्या ठरलेल्या खुणा किंवा बोलायची बाजूला ठरवलेली जागा यानं हे बरंच कमी होतं. दुसरं, तंबाखू. तोंडात बार असला की थुंकण्यासाठी मास्क उतरवावाच लागतो, आणि वाळूच्या हातांनी तंबाखू मळणं हे वेगळंच. यावर ओरडून उपयोग नाही. धुळीपासून दूर, हात धुवायची सोय असलेल्या जागी तासा-दीड तासानं पाच-दहा मिनिटांची सुट्टी दिली तर मास्क तिथे उतरतो, चेहरा वाळतो, पाणी पिऊन होतं, आणि माणूस कोरड्या तोंडानं परत मास्क चढवतो. स्वच्छ हवेत काढलेला मास्क वरच्या हिशोबात धरावा लागत नाही.

मास्कच्या आधी करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या मालकाच्या हातात आहेत: ग्राइंडरजवळच धूळ ओढणारा डक्ट, शॉट ब्लास्टिंगला (छर्‍यांचा मारा करून कास्टिंग साफ करण्याला) बंद कॅबिनेट, झाडूऐवजी व्हॅक्यूम किंवा ओलं करून झाडणं. १९४८ च्या कायद्याचं १४ वं कलम धूळ उगमापाशीच आवरा असंच सांगत होतं. डक्ट चालू असला की मास्कवर भार कमी पडतो, तो उशिरा भरतो आणि एफएफपी३ ऐवजी हलका एफएफपी२ पुरू शकतो. त्याच कायद्याच्या ११४ व्या कलमानुसार अशा साधनांचे पैसे कामगाराकडून घेता येत नव्हते. आणि हा मास्क फक्त कणांसाठी आहे. कोअर शॉपमधल्या रेझिनची वाफ किंवा भट्टीजवळचा कार्बन मोनॉक्साइड तो अडवत नाही, बंद टाकीत ऑक्सिजन देत नाही.

पुढची ऑर्डर द्यायची वेळ आली की तीन वेगवेगळ्या आकारांचे, मानकाची खूण असलेले दहा-दहा मास्क आधी मागवा, त्यातला एक आकार लहान मापाचा घ्या. फेटलिंगमधल्या माणसांना प्रत्येक आकार पूर्ण पाळीभर घालायला द्या, तोही एप्रिल-मेमध्ये. खुर्चीत बसून पाच मिनिटं नाही. संध्याकाळी त्यांना विचारा: किती वेळा काढावासा वाटला, कुठे टोचलं, चष्म्यावर वाफ आली का, दुपारनंतर श्वास जड झाला का. उत्तरं मामांकडून घ्या, आणि मग खरेदी विभागाला दर विचारा.